नेत्रवैद्यक आणि मुक्या प्राण्यांचें ऋण

मोतीबिंदू काढतांना रोगी जागा असतो, तरी त्यास वेदना होत नाहींत. याचें आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु या सुखामागें बेडूक, ससे व कुत्रे यांच्या हालांचा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा चांद्याच्या सीमेपर्यंत येऊन पोंचतो.

१८४७ सालीं एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. नेत्रवैद्यांची अडचण मात्र सरली नाहीं. शुद्धीवर येतांना रोग्यास उलट्या होत, आणि नुकत्याच कापलेल्या डोळ्यास तो ताण सोसत नसे. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनीं बेडकाच्या डोळ्यांत कोकेनच्या द्रावणाचा थेंब सोडला. थोड्याच वेळांत डोळ्यास टांचणी लावली तरी बेडूक हालेना. मग ससा, मग कुत्रा, आणि शेवटीं स्वतःचा डोळा, असा त्यांनीं क्रम लावला. १५ सप्टेंबर रोजीं हा शोध हायडेलबर्गच्या परिषदेंत जाहीर झाला. कोलर यांजजवळ प्रवासखर्च नसल्यानें निबंध मात्र दुसऱ्यानें वाचला.

इकडे क्लोरोफॉर्मनें माणसें अकस्मात् कां दगावतात, हा वाद चालूच होता. १८८८ व १८८९ सालीं हैदराबादेस डॉ. लॉरी यांच्या पुढाकारानें व निजामाच्या द्रव्यानें दोन समित्या बसल्या. राजुऱ्याचा मुलूख, जो आज चंद्रपूर जिल्ह्यांत आहे, तेव्हां याच निजामाच्या राज्यांत होता. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले, आणि श्वास आधीं थांबतो, हृदय मागून, असा निर्वाळा निघाला. पुढें १९११ सालीं लेव्ही यांनीं मांजरांवर दाखविलें कीं, भूल हलकी असतांच हृदय एकाएकीं फडफडून बंद पडूं शकतें. जनावरें शेंकडों मेलीं, तरी प्रश्न अपुराच विचारला गेला होता.

म्हणून आज प्रयोगशाळेंत तयारीसच अर्धें काम समजतात. प्राण्याचें वजन करून मात्रा ठरवितात. सशास उलटी होत नसल्यानें त्याला फार वेळ उपाशी ठेवीत नाहींत. अनेक सशांच्या रक्तांत अॅट्रोपीन झपाट्यानें निकामी होतें, म्हणून त्याऐवजीं दुसरें औषध योजितात. भूल उतरली कीं काय, हें पंजा चिमटून पाहतात. पापणी मिटत नाहीं, तेव्हां डोळा ओला राखावा लागतो. अंग गार पडूं नये म्हणून ऊब देतात. डोळ्याचे स्नायू ओढल्यास हृदयाची गति मंदावते, हें १९०८ पासून ठाऊक असल्यानें नाडीवर लक्ष असतें.

कायदाही मागून आला. ब्रिटनमध्यें १८७६ सालीं, भारतांत १९६० सालीं. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊं नये, आणि भुलेशिवाय शस्त्र चालवूं नये, असें आपला कायदा सांगतो.

१९७३ सालीं हेमलकशाच्या अरण्यांत डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांची सेवा आरंभिली. त्या रानांतील एखाद्या वृद्धाचा मोतीबिंदू काढण्यापूर्वीं डोळ्यांत बधिरतेचा थेंब पडतो, तेव्हां त्या थेंबांत कोलरच्या बेडकाचाही वांटा असतो. तो वांटा फेडतां येत नाहीं. पुढच्या प्राण्याचे हाल कमी करणें, एवढेंच मनुष्याच्या हातीं आहे.