देवळालीचा ताप: इंग्रजीतलं ‘डूलाली’ आलं कुठून?

मी विरारच्या फुलपाड्यातून बोलतोय. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या तर समजून घ्या, स्टुडिओ म्हणजे आमची आतली खोली आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला एपिसोड.

इंग्रजी वाक्प्रचारांवर काहीतरी करा, असं तुमच्यापैकी बरेच जण सांगत होता. आता ‘पीस ऑफ केक म्हणजे सोपं काम’ छापाचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडलेत. तेच मी पुन्हा सांगण्यात मजा नाही. मी आज एकच वाक्प्रचार घेतोय, पण तो जिथे तयार झाला तिथे आपण कल्याण-कसारामार्गे अर्ध्या दिवसात जाऊ शकतो.

वाक्प्रचार आहे ‘टू गो डूलाली’. अर्थ: डोकं फिरणं, वेड्यासारखं वागायला लागणं. माणसाबद्दल म्हणतात, यंत्राबद्दलही म्हणतात. माझ्या कानावर तो पहिल्यांदा पडला एका कॉलवर. तिकडचा इंग्लंडमधला माणूस म्हणाला की तुमचं बिल्ड पुन्हा डूलाली झालंय. आमच्या बाजूला सगळे म्यूटवर. कोणाला वाटलं एखादं टूल असेल, कोणी चॅटवर स्पेलिंग विचारलं. स्पेलिंग मिळालं तरी कोणाच्या डोक्यात आलं नाही की हे आपलं नाशिकजवळचं देवळाली आहे!

हो, तेच. देवळाली कॅम्प. शेजारी भगूर, पुढे नाशिक रोड.

आता हे नाव लंडनमधल्या आज्जीबाईंच्या तोंडी कसं गेलं? त्यासाठी 1860 च्या दशकात जावं लागेल. 1857 नंतर कंपनीचं राज्य संपलं, राणीचं आलं, आणि हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवली गेली. ही माणसं जहाजाने मुंबईला उतरायची. पण मुंबईत हजारो सैनिक ठेवणार कुठे? दमट हवा, गर्दी, साथीचे रोग. त्यात 1865 मध्ये थळ घाटातून, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तिथून, रेल्वे इगतपुरीपर्यंत पोचली. 37 फुटांमागे एक फूट चढ. आजही तिथे गाडीला मागून जादा इंजिन लावतात, पुढच्या वेळी खिडकीतून बघा. घाट चढला की हवा बदलते, सपाट माळरान लागतं. देवळाली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, कोरडी, रेल्वेला लागून. छावणीला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

(विरारकरांसाठी एक जोडीला माहिती: आपली पहिली लोकल 12 एप्रिल 1867 ची, विरार ते बॅकबे. म्हणजे देवळालीची छावणी आणि आपली विरार लोकल जवळपास एकाच वयाच्या.)

तर देवळाली झाली ट्रान्झिट कॅम्प. नवा सैनिक जहाजातून उतरला की आधी देवळाली, मग तिथून आपापल्या पलटणीत. आणि ज्याची नोकरीची मुदत संपली, तो पलटणीतून आधी देवळाली, मग मुंबई, मग जहाज, मग घर.

खरी गोष्ट या परतणाऱ्यांची आहे. सैनिक नेणारी जहाजं वर्षभर चालत नव्हती. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात भट्टी. त्यामुळे जहाजांचा हंगाम थंडीचा. आता समजा तुमची मुदत हंगामाचं शेवटचं जहाज सुटून गेल्यावर संपली. मग काय? बसा. पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसा. चार महिने, सहा महिने.

हे बसणं कसं होतं याचं वर्णन फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या सैनिकाने केलंय. रॉयल वेल्श फ्युजिलियर्समधला हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे त्याचं पुस्तक 1936 चं. मला तो आवडतो, कारण तो अधिकारी नाही. अधिकाऱ्यांच्या आठवणींत शिकार आणि क्लब असतो, याच्याकडे बराक असते.

तो सांगतो ते थोडक्यात असं. देवळालीत थांबलेल्या या माणसांकडे हत्यारं नाहीत, सामान नाही. कधीतरी किट दाखवायचं, कधीतरी एखादी लांब कूच, बाकी दिवसभर काही नाही. ज्यांनी इतकी वर्षं नोकरीला डाग लागू दिला नाही अशी माणसं इथे येऊन बिघडायची. काही जण शेवटच्या महिन्यांत असा काही गुन्हा करून बसायचे की घरी जायच्या आधी तुरुंगाची हवा खावी लागायची. काही जण गुप्तरोग घेऊन इस्पितळात जायचे. आणि मग कोणी विचित्र वागायला लागला की बाकीचे म्हणायचे, याला ‘डूलाली टॅप’ झालाय. हा शब्दप्रयोग त्या छावणीतल्या कंटाळ्यातून आला असावा, असं रिचर्ड्सचं मत. तो स्वतःही ‘असावा’च म्हणतो, छातीठोकपणे सांगत नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. ही माणसं लढाईत वेडी झाली नव्हती. घर जवळ आलंय, तारीख कळत नाही, करायला काही नाही, एवढ्यानेच ती मोडत होती. लॉकडाऊनमध्ये आपल्यातले कितीतरी जण परगावी एका खोलीत अडकून पडले होते. त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता ‘टॅप’ बघू. इंग्रजीत टॅप म्हणजे नळ, किंवा टिचकी. म्हणून काही इंग्रजांना वाटतं की डोक्यावर टिचकी बसली, म्हणून वेडा. पण हा टॅप नळही नाही आणि टिचकीही नाही. हा आपला ताप आहे. त्या काळात छावणीत ताप म्हणजे बहुतेक वेळा हिवताप, आणि हिवताप चढला की माणूस बरळतो. हिवतापाचे परजीवी डासात रोनाल्ड रॉसला सिकंदराबादला सापडले 1897 मध्ये, म्हणजे छावणी सुरू होऊन तीसेक वर्षांनी. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. सैनिकांनी हा शब्द थेट मराठीतून उचलला, असं म्हणता येणार नाही. बराकीत चालायची ती मोडकीतोडकी हिंदुस्थानी. धोबी, पंखेवाला, चहावाला, सगळ्यांशी त्याच भाषेत. पण गावाचं नाव मात्र नक्की आपलं. त्यातला ‘ळ’ इंग्रजाच्या जिभेला झेपेना, म्हणून देवळालीचं देओलाली झालं आणि देओलालीचं डूलाली.

गंमत म्हणजे आपणही ‘डोक्याला ताप’ म्हणतोच ना? त्यांच्या डोक्यात देवळालीचा ताप, आपल्या डोक्याला ऑफिसचा.

1925 मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचा कोश छापला, त्यात हा ताप आहे. म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर तो चांगलाच पसरला होता. सैनिक घरी गेले, सोबत शब्द गेले. एकटा डूलालीच नाही. ‘देखो’वरून डेको, म्हणजे एक नजर टाकणं. ‘विलायती’वरून ब्लायटी, म्हणजे मायदेश. ‘खुशी’वरून कुशी, म्हणजे आरामाची नोकरी, असं बरेच जण मानतात. हे शब्द कुठल्या पंडिताने नेले नाहीत. महिन्याच्या पगारावर मोजून दारू पिणाऱ्या शिपायांनी नेले.

पुढे ताप गळून पडला, नुसतं डूलाली उरलं. 1974 ते 1981 बीबीसीवर एक विनोदी मालिका चालली, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. तिची सुरुवात देवळालीच्या छावणीतच होते. त्यातला हिंदुस्थानी चाकर एका गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केलाय, त्यामुळे आज बघताना अवघडल्यासारखं होतं. पण त्या मालिकेमुळे निदान एका पिढीला कळलं की डूलाली हे गाव आहे. आता बहुतेकांना तेही माहीत नाही.

गावाच्या नावाचा असा वाक्प्रचार होणं ही काही इंग्रजांची मक्तेदारी नाही. लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळावरून ‘बेडलम’ आलं, म्हणजे नुसता गोंधळ. आपण मुंबईकडे कोणाचं डोकं फिरलं तर म्हणतो, याला ठाण्याला पाठवा. पुण्याकडे येरवडा. आणि ‘पानिपत होणं’? 1761 ला झालेली लढाई अजून आपल्या परीक्षेच्या निकालात होते. ‘अटकेपार झेंडे’ 1758 चे, आणि अटक आज पाकिस्तानात आहे हे झेंडा लावणाऱ्याला आठवतही नाही. तेव्हा देवळाली विसरली म्हणून इंग्रजांना फार बोलण्यात अर्थ नाही.

आता वापराचं. हा शब्द ब्रिटिश आहे, अमेरिकन क्लायंटला बहुधा कळणार नाही. ‘गो’ क्रियापदाबरोबर येतो: माय फोन हॅज गॉन डूलाली, म्हणजे फोन येड्यासारखा करतोय. घरगुती, हलकाफुलका शब्द आहे. नोकरीच्या अर्जात किंवा रिपोर्टमध्ये घालू नका. आणि एखाद्याला खरंच मानसिक आजार असेल तर त्याच्याबद्दल अजिबात वापरू नका, जसं त्याच्यासमोर ठाण्याचा विनोद आपण करणार नाही.

देवळालीत आज तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. बाकी शांत गाव, जुने बंगले, हवापालटाला येणारी माणसं. जाणार असाल तर कसारा घाटात डावी-उजवीकडची खिडकी यावरून भांडू नका, दोन्हीकडे बघण्यासारखं आहे.

पुढच्या एपिसोडला आपल्याच किनाऱ्यावर यायचंय. अर्नाळ्याला दोऱ्यांवर वाळत घातलेला बोंबील इंग्रजीत ‘बॉम्बे डक’, म्हणजे बदक, कसा काय झाला? डाकगाडीतून वास यायचा म्हणून, असं सगळे सांगतात. पण हे नाव 1815 च्या सुमारास छापलेलं सापडतं, आणि मुंबईतली पहिली रेल्वे 1853 ची. मग डाकगाडी आली कुठून? विचार करून ठेवा, मी येतोच.