उमेदवारी : बिनपगारी आणि पगारी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं नाशकांतील पुष्कळ घरांत एकच वाद निघतो. मुलाला एका ठिकाणीं काम शिकण्याची उत्तम संधि असते, पण वेतन नसतें. दुसऱ्या ठिकाणीं महिन्याकाठीं कांहीं रुपये हातीं पडतात, पण शिकण्यासारखें फारसें नसतें. दोहोंपैकीं काय पत्करावें ? या प्रकाराला आज ‘इंटर्नशिप’ असें नांव मिळालें आहे. वस्तु मात्र जुनी आहे. मराठींत तिला ‘उमेदवारी’ म्हणत.

उमेद म्हणजे आशा. आज ‘उमेदवार’ म्हटलें कीं निवडणूक आठवते. पण इंग्रजी अमलांतील मामलेदार कचेरींत उमेदवार म्हणजे आशेवर फुकट राबणारा तरुण. तो नकला करी, दप्तर लावी, कारकुनाच्या हाताखालीं हिशेबाची रीत शिकून घेई. पगार नाहीं, जागा रिकामी झालीच तर आपला नंबर लागेल, एवढाच भरंवसा. शाळेंत न मिळणारें ज्ञान त्याला येथें मिळे, यांत शंका नाहीं. परंतु ही उमेदवारी करण्यास घरचा आधार लागे. ज्याचे वडील अगर मामा त्याच गांवीं राहून त्याला दोन वेळ जेवूं घालूं शकत, त्यालाच ती परवडे. ज्याच्या घरीं त्याच्या मजुरीवांचून चूल पेटत नसे, त्याला अक्कल कितीही असो, कचेरीचें दार बंदच. फुकट उमेदवारीनें गुणवंत निवडला जात असे असें म्हणतात. खरें पाहतां आधीं निवड होई ती घरच्या ऐपतीची.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या चरित्रांत पाहावयाच्या असतील, तर नाशिककरांना दूर जाण्याचें कारण नाहीं. धुंडिराज गोविंद फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले. मुंबईचें जे. जे. कलाविद्यालय, नंतर बडोद्याचें कलाभवन, पुढें छायाचित्रण, ठसे तयार करणें, छपाई, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, अशी त्यांची उमेदवारी वीस वर्षांहून अधिक चालली. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांनीं हिंदी चित्रपट काढण्याचें मनांत घेतलें, तेव्हां ते चाळिशीला आले होते. त्यांनीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारींत विलायत गांठली. तेथें ‘बायोस्कोप’ या नियतकालिकाच्या संपादकांनीं त्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशीं गांठ घालून दिली. हेपवर्थ यांनीं वॉल्टन येथील आपल्या कारखान्याचे सर्व विभाग त्यांना दाखविले. फाळक्यांना तेथें वेतन नव्हतें. उलट खर्च सारा पदरचा. पण हा मुक्काम कांहीं आठवड्यांचाच होता, आणि त्यांत यजमानाचें काम उरकण्यापेक्षां पाहुण्याचें शिक्षण अधिक झालें. ही बिनपगारी उमेदवारी त्यांना फळली.

मात्र त्यांनाही ती परवडली ती गहाण टाकण्याजोगें कांहीं पदरीं होतें म्हणून. परत आल्यावर त्यांना माणसें हवीं होतीं. स्त्रीभूमिकेसाठीं स्त्रिया मिळेनात. शेवटीं ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांतील अण्णा साळुंके हा तरुण त्यांना सांपडला. त्याला तेथें महिना दहा रुपये मिळत, असें सांगतात. फाळक्यांनीं पंधरा देऊं केले. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, त्यांत तारामती झाला तो हाच साळुंके. १९१७ च्या ‘लंकादहना’त त्यानें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘कला शिकावयास मिळते आहे, तेंच वेतन समज,’ असें त्याला सांगितलें असतें, तर तो आपली नोकरी सोडून आला असता काय ?

१९१३ सालींच फाळके कंपनी नाशकास आली. मंडळी एकत्र राहत, एकत्र जेवत. चित्रपटाचा धंदा हलका समजला जाई, म्हणून ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यांत काम करतों’ असें सांगण्याची शिकवण मालकांनींच दिलेली होती. या साऱ्यांचा स्वयंपाक पाहून रात्रीं कोऱ्या फिल्मला छिद्रें पाडण्याचें काम सरस्वतीबाई फाळके करीत. घरच्या माणसाच्या श्रमालाही मोल असतें, हें त्या काळीं कोणाच्या ध्यानांत येत नसे. बिनपगारी कामाचा भार बहुधा असाच, न बोलणाऱ्यावर पडतो.

पुढें कायद्यानें या गोष्टींत लक्ष घातलें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें कारखान्यांतील शिकाऊ माणसाला विद्यावेतन देणें बंधनकारक केलें. १९७३ च्या दुरुस्तीनें अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यांत आले. ओझरचा विमान कारखाना व सातपूरची उद्योगवसाहत उभी राहिलेल्या नाशकाला या दुरुस्तीचें महत्त्व सांगावयास नको. २०२४ सालीं राज्य सरकारनें कार्य प्रशिक्षणाची योजना काढली, तींत शिक्षणाप्रमाणें सहा, आठ व दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरविलें होतें. तरीही कॉलेजच्या विद्यार्थ्याची सर्वच इंटर्नशिप कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं. निर्णय घरींच करावा लागतो.

त्या वेळीं जुना अनुभव उपयोगीं पडेल. शिकविणारा कोण, मुदत किती, आणि केलेल्या कामाचा लाभ कोणाला, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. मुदत थोडी, गुरु खरा आणि लाभ शिकणाऱ्याचा असेल, तर वॉल्टनचा दाखला आहे. मुदतीला अंत नाहीं आणि काम सारें मालकाचें, तर ती कचेरींतली उमेदवारी होय. मात्र ज्या घरीं हे प्रश्न विचारण्याइतकीही सवड नाहीं, तेथील मुलाला पंधरा रुपयेच दार उघडून देतात. आणि त्या दारांतूनही तारामती बाहेर येऊं शकते, हें विसरतां कामा नये.