कीचकवधाचा हरवलेला मूकपट

निपाणी-बोरगावच्या या सीमाभागात कुस्तीचा शौक मोठा, आणि त्या शौकाचे माहेर म्हणजे शेजारचे कोल्हापूर. याच कोल्हापुरात द्वंद्वयुद्धाचा एक मूकपट निर्माण झाला आणि कायमचा नाहीसाही झाला. त्याचे नाव ‘सैरंध्री’.

रुपेरी पडद्यावरील झुंज त्या काळी सत्ताधाऱ्यांस धाक घालीत असे. १९१० साली जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने गोऱ्या जेफ्रीसला लोळविले, आणि १९१२ साली अमेरिकेने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कायद्याने बंदी केली. आपल्याकडे खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

दहा वर्षांनी तेच कथानक बाबूराव पेंटरांनी हाती घेतले. विलायती कॅमेरा परवडण्याजोगा नव्हता. तेव्हा त्यांनी व दामल्यांनी तो कोल्हापुरातच तयार केला. शाहू महाराजांचे साह्य लाभले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हेही त्या काळी धाडसच होते. भीम झाले बाळासाहेब यादव, कीचक झुंझारराव पवार. महाभारतातील ही झुंज शस्त्रांची नव्हे, निव्वळ बाहुबळाची; मूकपटाला याहून योग्य विषय कोणता असणार?

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. परंतु कीचकाचा वध पडद्यावर इतका भीषण आणि खरा वाटला, की पुढे ते दृश्यच वगळावे लागले. अशा रीतीने या चित्राचा गाभा आधी गेला, आणि मागाहून सारे चित्रच गेले.

मूकपटांची फीत नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई आणि दमट हवेत कुजे. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मुक्या चित्रांना बाजारात मोल उरले नाही. आपल्या देशात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत.

नाटकावर सरकारने बंदी घातली, तरी त्याची संहिता उरली. चित्राची मात्र फीत गेली की सर्वस्व गेले. म्हणून जुन्या वाड्यांतील पेट्या उघडताना जाहिरातपत्रके, छायाचित्रे, फितींचे डबे भंगारात टाकू नका. फीत दिव्याजवळ नेऊ नका. १९६४ साली पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवा. आखाड्यातील डाव गुरूकडून शिष्याकडे येतो आणि टिकतो; पडद्यावरचा डाव टिकविण्यास मात्र कोणीतरी तो डबा जपावाच लागतो.