विषवृक्ष आणि सहनशीलता

विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) या इंग्रज कवीची ‘अ पॉयझन ट्री’ ही सोळा ओळींची कविता १७९४ साली ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’ या संग्रहात आली. तिचा अर्थ बहुधा एका वाक्यात सांगितला जातो: राग मनात ठेवू नये, बोलून टाकावा. मीही अनेक वर्षे तेवढाच अर्थ धरून होतो. एका तपशिलाने तो बदलला.

ब्लेकची एक हस्तलिखित वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मूळची ती त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट याची; १७८७ मध्ये रॉबर्ट वारला, पुढे ब्लेक तीत लिहू लागला. या वहीतील खर्ड्यात कवितेचे शीर्षक आहे ‘ख्रिश्चन फॉरबेअरन्स’, म्हणजे ख्रिस्ती सहनशीलता. तेव्हा कवितेचा रोख नुसत्या रागावर नाही. राग गिळून गोड हसण्याला सद्गुण ठरवणाऱ्या शिकवणुकीवर तो आहे.

आता प्रतीके पाहू. निवेदक मित्रावरचा राग बोलून दाखवतो आणि तो राग मावळतो. शत्रूवरच्या रागाचे मात्र झाड होते. त्याला पाणी मिळते भीतीचे आणि आसवांचे, ऊन मिळते लबाड हसण्याचे. फळ धरते ते देखणे. शत्रू रात्री बागेत शिरतो आणि सकाळी झाडाखाली निपचित पडलेला दिसतो. बायबल जाणणाऱ्या वाचकाला येथे एडनची बाग आठवणारच. पण या बागेतला माळी सूड धरून बसलेला माणूस आहे, आणि शेवटी त्याला पश्चात्ताप होत नाही, आनंद होतो. कवी त्याला शिक्षाही देत नाही.

आपल्या भाषेला ही प्रतिमा परकी नाही. कच्चे आंबे गवतात दडपून पिकवतात ती अढी, आणि मनात धरतात तीही अढीच. बांधाच्या वादानंतर वर्षानुवर्षे एकमेकांना न चुकता ‘राम राम’ घालणारे भाऊ मी पाहिले आहेत. गाव त्यांना समंजस म्हणे.

मग राग बोलून टाकणे इतके सोपे आहे काय? ब्लेकचेच उदाहरण घ्या. १८०३ मध्ये ससेक्समधील फेल्पम गावी त्याच्या बागेत आलेल्या स्कोफील्ड नावाच्या शिपायाला त्याने धरून बाहेर काढले. शिपायाने त्याच्यावर राजद्रोही बोलल्याचा आरोप केला. फ्रान्सशी युद्ध चालू होते, तेव्हा आरोप साधा नव्हता. जानेवारी १८०४ मध्ये चिचेस्टरला खटला चालला आणि ब्लेक निर्दोष सुटला. तरी उघड रागाची किंमत काय असते, हे त्याला पुरते कळले.

म्हणून झाडाला घातलेले भीतीचे पाणी मला महत्त्वाचे वाटते. ज्याच्यासमोर बोलायची भीती वाटते, त्याच्यावरचाच राग मुरतो. अशा माणसाला सहनशीलता शिकवताना त्याची भीती कमी करण्याचे कोणी मनावर घेत नाही. ही कविता वर्गात शिकवताना मुलांना ‘राग बोलून दाखवा’ असे जरूर सांगावे. पण त्यांचे बोलणे ऐकून घेणारे कोणी आहे काय, हेही शिकवणाऱ्याने आधी पाहावे.