उरलेल्या जठराची गोष्ट

जठरातील आम्ल अन्न पचवायला मदत करते आणि अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारते, हे आपण पचनसंस्थेच्या धड्यात शिकवतो. हे आम्ल कायमचे कमी केले तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जनने तेरेझे हेलर या ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला आणि उरलेले जठर लहान आतड्याला जोडले. त्याआधी दोघा सर्जननी असे प्रयत्न केले होते, पण त्यांचे रुग्ण लगेच दगावले होते. हेलर शस्त्रक्रियेतून वाचली. कर्करोग पसरल्यामुळे चार महिन्यांनी ती गेली. तरीही जठराचा भाग काढल्यावर माणूस खाऊ-पिऊ शकतो, हे सिद्ध झाले. १८८५ साली बिलरोथने दुसरी पद्धत वापरली. तीत जठर आतड्याच्या थोड्या पुढच्या भागाला जोडतात.

लवकरच ही शस्त्रक्रिया अल्सरसाठीही होऊ लागली. आम्ल कमी झाले की व्रण भरून येतो, हा त्यामागचा विचार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जगभर रूढ झाली. कोणाचे जठर अर्धेअधिक काढत, तर कोणाची आम्ल तयार करण्याचा संदेश नेणारी नस तोडून जठर आतड्याला जोडून देत. रुग्णांना आराम पडे आणि गोष्ट तिथेच संपली असे वाटे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डोनाल्ड बाल्फर यांनी मात्र जुन्या रुग्णांचे पुढे काय झाले, ते पाहिले. अल्सरसाठी शस्त्रक्रिया झालेल्या काहींना पुढे उरलेल्या जठरात कर्करोग झाल्याचे त्यांनी १९२२ साली नोंदवले. १९८६ साली लंडनमधील ४४६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेला वीस वर्षे उलटल्यावर कर्करोगाचा धोका स्पष्टपणे वाढलेला त्यात दिसला. पाच-दहा वर्षांच्या नोंदी पाहून हे कळलेच नसते.

असे का होते? बोलीत आपण आम्लालाच ‘पित्त’ म्हणतो. पण खरा पित्तरस यकृतात तयार होतो आणि आतड्यात उतरतो. जठराचे खालचे दार काढले, की हा रस उलटा जठरात येतो आणि अस्तराला वर्षानुवर्षे इजा करत राहतो. आम्ल कमी असल्याने जंतूही वाढतात. ते अन्नातील नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यापासून कर्करोगकारक नायट्रोसो संयुगे बनू शकतात. मुख्यतः या दोन कारणांनी अस्तर हळूहळू बदलत जाते, असे मानले जाते.

पुढे अल्सरचे शास्त्रच बदलले. १९७६ साली ब्रिटनमध्ये आम्ल कमी करणारे सिमेटिडिन हे औषध आले. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. बहुतेक अल्सरमागे तो असतो, हे पटायला काही वर्षे गेली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. खानदेशी तिखटावरचा जुना आरोप बराच सौम्य झाला आणि जठर कापण्याची गरज क्वचितच उरली.

शस्त्रक्रिया थांबल्या, तरी त्या झालेली माणसे आपल्यात आहेत. जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या गावात सत्तरी ओलांडलेल्या आप्पांच्या किंवा नानांच्या पोटावर, बेंबीच्या वर उभा जुना वण दिसतो. ‘अल्सर तर तेव्हाच काढला’ म्हणून ते निर्धास्त असतात. भूक मंदावली, वजन उतरले, काळी शौच झाली किंवा अशक्तपणा आला, तर घरात ‘ॲसिडिटी’ची गोळी दिली जाते. अशा वेळी दुर्बिणीने जठर तपासून घ्यायला हवे.

यात घाबरण्यासारखे काही नाही. अशा बहुसंख्य रुग्णांना कर्करोग होत नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा केसपेपर बहुधा घरात उरलेला नसतो आणि समोरच्या तरुण डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया क्वचितच पाहिलेली असते. म्हणून आजोबांचे ऑपरेशन कोणत्या साली, कुठे आणि कशासाठी झाले, एवढे विद्यार्थ्यांनी घरी विचारून वहीत लिहून ठेवावे. पुढे डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.