कोरियन दत्तक मुले आणि घरगुती पाककला

कोरियात जन्मलेल्या व पाश्चात्त्य देशांतील भिन्नवंशीय कुटुंबांत दत्तक गेलेल्या मुलांना जन्मसंस्कृतीची ओळख करून देण्याचे घरगुती पाककला हे एक प्रचलित साधन आहे.

पार्श्वभूमी

कोरियन युद्धानंतर (१९५०–५३) दक्षिण कोरियातून सुमारे २ लाख मुले परदेशी, प्रामुख्याने अमेरिका व युरोपात, दत्तक गेली. मुलांनी नव्या समाजात पूर्णपणे मिसळून जावे, हा प्रारंभीचा दृष्टिकोन होता. त्यामुळे अनेकांची मातृभाषा आणि मूळ आहार दोन्ही सुटले. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) अनुच्छेद २० मध्ये अशा मुलांची सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमी विचारात घ्यावी, असे म्हटले आहे.

स्वरूप

पालक व मुले सणावारांचे पदार्थ एकत्र करतात. चांद्र नववर्षाला तांदळाच्या चकत्यांचे 'तॉकगुक' हे सूप केले जाते. समुद्री शेवाळाचे 'मियॉकगुक' कोरियात बाळंतिणीला देतात आणि वाढदिवसालाही करतात. त्यामुळे दत्तक मुलाच्या वाढदिवशी हे सूप जन्मदात्या आईविषयी बोलण्याचे निमित्त ठरू शकते. हिवाळ्यापूर्वी अनेकांनी मिळून किमची घालण्याच्या 'किमजांग' प्रथेचा युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मर्यादा

पाककृती शिकल्याने वंशभेदाचा अनुभव किंवा जन्मकुटुंबाविषयीचे प्रश्न सुटत नाहीत. कोरियन समाजाशी प्रत्यक्ष संबंध नसल्यास संस्कृती ताटापुरतीच उरते. मुलाची इच्छा नसताना केलेला आग्रह त्याला आपल्या वेगळेपणाचीच जाणीव करून देऊ शकतो.

उल्लेखनीय व्यक्ती

- क्रिस्टन किश – अमेरिकन शेफ. जन्म सोल, दत्तक मिशिगन
- पिएर सांग बॉयर – फ्रेंच शेफ, पॅरिसमध्ये उपाहारगृहे