आमचे मूळ घर कोणते? – एका शेतकरी घराण्याची वंशकथा



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपल्या घराण्याचा इतिहास लिहून द्यावा’ अशी सूचना केली, तेव्हा मी संकोचलो. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून खेड्यापाड्यांतील मुलांना अक्षरओळख करून देण्यात आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु घरातील जुने दप्तर आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडची माहिती यांची गेली अनेक वर्षे मी जुळवाजुळव करीत आलो. तीतून जे हाती लागले, ते माझ्याबरोबर नाहीसे होऊ नये एवढ्याच हेतूने हा लेख सादर करीत आहे.

आपला मुन्नुरवार समाज नांदेड जिल्ह्यातील बिलोली, देगलूर, धर्माबाद, किनवट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आला आहे. तेलंगणातील मुन्नुरु कापू हे आपले सोयरे. तेलुगू भाषेत ‘मुन्नुरु’ म्हणजे तीनशे आणि ‘कापू’ म्हणजे शेतकरी. आपल्या आडनावांच्या शेवटी येणारा ‘वार’ हा प्रत्ययही तेलुगू ‘वारु’ या आदरार्थी अनेकवचनी शब्दापासून आलेला आहे. त्याचा अर्थ ‘अमक्या घरची माणसे’ असा होतो. तात्पर्य, आपण कोठून आलो याची खूण आपल्या नावातच आहे. ती खूण पुसण्याचे कारण नाही व तिची लाज बाळगण्याचेही कारण नाही.

गोदावरी आणि मांजरा यांच्या काठचा हा प्रदेश कधीच एका भाषेचा नव्हता. दुष्काळ पडला किंवा लष्कर गावावरून गेले, की गावे ओस पडत. पुढे राज्यकर्ते कौल देऊन, आरंभीची काही वर्षे सारा कमी ठेवून, बाहेरचे शेतकरी वसवीत. अशा नव्या कुळास ‘उपरी’ म्हणत आणि वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्यास ‘मिरासदार’. ज्याचा वंशच उरला नाही त्याच्या जमिनीस ‘गतकुळी’ म्हणत. आज जे स्वतःस गावचे मूळचे म्हणवितात, त्यांच्यापैकीही अनेकांचा मूळ पुरुष केव्हातरी उपरी म्हणूनच वेशीतून आत आला असला पाहिजे.

आता आमच्या घराण्याकडे वळतो. लहानपणी आम्हांस अशी कथा सांगितली जाई की, आमचा मूळ पुरुष वरंगळच्या काकतीय राजांचा सरदार होता आणि राज्य बुडाल्यावर तीनशे स्वारांनिशी तो गोदावरीकाठी आला. ही कथा ऐकताना आमची छाती फुगत असे. पुढे मुलांना गणित शिकवू लागल्यावर मला तिच्यात एक अडचण दिसली. काकतीय राज्य १३२३ साली लयास गेले. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर तेव्हापासून आजवर अठ्ठावीस पिढ्या व्हावयास हव्या. आमच्या घरातील सर्वांत वृद्ध माणसांनाही माझ्या वर चारच पुरुषांची नावे ठाऊक होती. मग मधली तेवीस नावे गेली कोठे?

या प्रश्नाचे उत्तर मला कागदात मिळाले नाही, ते माझ्या आत्याबाईंकडे मिळाले. त्यांचे लग्न मुधोळ भागातील एका गावी झाले, तेव्हा ते गाव नांदेड जिल्ह्यातच होते. २०११ च्या नवरात्रात मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. अंगणात नाती-पणत्या फुलांची बतुकम्मा मांडून फेर धरीत होत्या. मी सरदाराची कथा काढताच आत्याबाई हसल्या आणि म्हणाल्या, “कशाचा सरदार, बाळा! डोक्यावर जातं घेऊन आलेली विधवा बाई होती ती, आणि बोटाला धरलेलं पोर.”

आत्याबाईंनी ही हकीकत आपल्या आजीकडून ऐकली होती. ती आजी नव्या सुनेच्या वयात असताना त्या विधवा बाई वृद्धापकाळी हयात होत्या. म्हणजे ज्यांनी तो प्रवास पायांनी केला, त्यांच्याच तोंडची ती कहाणी होती. मोठ्या दुष्काळात नवरा गेला, गुरे गेली. इंदूरच्या (म्हणजे आजच्या निजामाबादच्या) पलीकडून ही बाई मुलाला घेऊन गोदाकाठी आली आणि एका शेतकऱ्याच्या वाड्यात दळण-कांडण करून राहिली. मुलगा प्रथम गुरे राखू लागला, मग सालगडी झाला. पुढे त्याने पडीक जमिनीची लावणी मागून घेतली आणि तो स्वतःचा धनी झाला.

या हकीकतीस कालगणनेचा आधार मिळतो. दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ या वर्षांत पडला. मद्रास, म्हैसूर, मुंबई या इलाख्यांबरोबर निजामाचे राज्यही त्यात होरपळले. माझ्यापासून मागे चार पिढ्या मोजल्या की नेमके तेथेच येऊन पोहोचतो. पहिल्या सालारजंगांनी १८५३ साली दिवाणगिरी हाती घेतल्यावर सारावसुलीची मक्तेदारी मोडीत काढली व १८६५ साली जिल्हाबंदी केली. त्यानंतर सरकारशी थेट सारा ठरवून पडीक जमीन घेणे सामान्य कुणब्यास शक्य झाले. आमच्या दप्तरातील सर्वांत जुना उर्दू कागद १३०० फसलीचा आहे. हैदराबादी फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. तेव्हा तो कागद १८९०-९१ चा ठरतो. त्यावर त्या मुलाचे, म्हणजे आमच्या मूळ पुरुषाचे, पट्टेदार म्हणून नाव आहे. त्याच्या आईचे नाव कोठेही नाही.

मूळ पुरुषास दोन मुलगे झाले. थोरल्याचा वंश गोदाकाठीच राहिला. मी त्याच शाखेचा. जमीन दोघांस पुरेना, म्हणून धाकटा सासुरवाडीच्या आधाराने मांजरेच्या वरच्या अंगास, उदगीरकडे गेला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला, तसे धर्माबादच्या बाजारास महत्त्व आले आणि थोरल्या शाखेचे दिवस पालटले. उदगीरच्या शाखेने काळ्या रानात ज्वारी, तूर पिकवून आपला जम बसविला. लग्नकार्यास दोन्ही शाखा बैलगाड्यांनी जात-येत असत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यापूर्वीच्या धामधुमीत आमच्या आजोबांनी जमिनीचे कागद मडक्यात घालून पेवात पुरले होते, म्हणूनच ते वाचले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. उलट आदिलाबादेतून किनवट इकडे आले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मराठवाड्यात आले. मराठी जनतेच्या दृष्टीने तो इष्ट निर्णय होता, हे मी मान्य करतो. पण आमच्या आत्याबाईंचे माहेर एका रात्रीत परराज्यात गेले. त्यांची मुले तेलुगू शाळेत शिकली, आम्ही मराठी शाळेत. दुसऱ्या पिढीत पत्रे थांबली, कारण पत्र कोणत्या लिपीत लिहावे हाच प्रश्न उभा राहिला.

गंमत अशी की, कोणी जागचे हलले नसतानाही सर्वांचे पत्ते बदलत गेले. उदगीरची शाखा बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आली. आत्याबाईंचे घर नांदेडमधून आदिलाबादेत व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेले. २०१४ मध्ये ते तेलंगण राज्याचे झाले. ते पाहण्यास आत्याबाई राहिल्या नव्हत्या. आदल्याच वर्षी त्या निवर्तल्या.

आज आमच्या दोन्ही शाखांचे वंशज नांदेड, लातूर, पुणे, हैदराबाद येथे पसरले आहेत. त्यांत शिक्षक आहेत, अभियंते आहेत, एक मुलगी डॉक्टर आहे. शेतीच्या मात्र वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला दोन-तीन एकरच उरली आहे.

हा वृत्तांत घरी वाचून दाखविला, तेव्हा काही तरुण मंडळी नाराज झाली. “सरदाराची कथाच छापा, मोलकरणीची कशाला?” असे त्यांचे म्हणणे पडले. मी त्यांस एवढेच विचारले, की एकट्या बाईने उपाशी पोर जगविले नसते, तर हा प्रश्न विचारण्यास तुमच्यापैकी कोण असते? यावर थोरल्या सूनबाईंनी वंशवृक्षाचा कागद पुढे ओढला आणि सर्वांत वर, मूळ पुरुषाच्याही वर, एक रिकामी चौकट आखली. त्या बाईंचे नाव आत्याबाईंसही आठवले नव्हते; म्हणून त्या चौकटीत आम्ही ‘जाते घेऊन आलेली आई’ असे लिहिले आहे.

ज्ञातिबांधवांस एक विनंती करतो. जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा आपण जागे होतो व कचेऱ्यांचे उंबरे झिजवितो. ती वेळ येण्यापूर्वीच सेतवार, १९५४-५५ ची खासरा पाहणी आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा यांच्या नकला काढून ठेवाव्या. उर्दू व मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावे. नाशिक-त्र्यंबक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या गावची नोंद आहे काय, तेही पाहावे. परंतु दाखल्याच्या लोभाने नामसादृश्यावर विसंबून दुसऱ्याचे पूर्वज आपले म्हणू नयेत. जे आपले आहेत तेच सांगावेत. आणि घरातील वृद्ध स्त्रियांजवळ आधी बसावे, कारण कागद वाट पाहतो, माणूस पाहत नाही. वंशावळीत लेकींची आणि सुनांची नावे त्यांच्या माहेर-सासरच्या गावांसह लिहावी. केवळ पुरुषांची नावे लिहिली गेली, म्हणूनच आमची सत्यकथा सव्वाशे वर्षे कागदाबाहेर राहिली.

सीमेपलीकडील आत्याबाईंच्या नातवंडांस या लेखाची तेलुगू प्रत पाठविण्याची मी व्यवस्था करीत आहे. वाचकांपैकी कोणास आमच्या घराण्याविषयी अधिक माहिती असल्यास त्यांनी ती अवश्य कळवावी. लेखनातील प्रमाद माझा समजून चूकभूल द्यावी घ्यावी, ही नम्र प्रार्थना.